वाचकांचे प्रश्न : कुकीजसाठी तेल कोणते निवडावे?

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे सदराची सगळी जागा त्या विषयालाच दिली आहे. प्रश्न थोडक्यात मांडले आहेत. उत्तरे मात्र विषयाच्या गरजेप्रमाणे लहान-मोठी झाली आहेत.

प्रश्न : बटर टाळायचे म्हणून मी १०० ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम सूर्यफूल तेल घालून कुकीज केल्या. साखर आणि तेल बराच वेळ फेटूनही मिश्रण हलके झाले नाही. कुकीज ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटल्या आणि गार झाल्यावर कागदावर तेलाचे डाग उमटले. दुसरे कोणते तेल घेतले असते तर हे टळले असते?

तेल बदलल्याने हे टळले नसते. आपण घेतलेले तेल कुकीजना चालण्यासारखेच होते. चूक प्रमाणात आणि कृतीत झाली आहे, आणि तेलाच्या निवडीकडे वळण्याआधी ती समजून घ्यायला हवी, कारण या दोन गोष्टी सुधारल्या नाहीत तर उत्तमातले उत्तम तेल वापरूनही कुकीज अशाच होतील.

बटर म्हणजे निव्वळ स्निग्धांश नव्हे. त्यात साधारणपणे ८० ते ८२ टक्के स्निग्धांश, १६ ते १८ टक्के पाणी आणि थोडेसे दुधातले घन पदार्थ असतात. तेल मात्र सगळेच्या सगळे स्निग्धांश असते. त्यामुळे बटरच्या वजनाइतके तेल घातले, की १०० ग्रॅममागे स्निग्धांश वीसेक ग्रॅमने वाढतो आणि त्याच वेळी सोळा-सतरा ग्रॅम पाणी नाहीसे होते. हे पाणी कुकीत पुष्कळ काम करत असते. मैद्यातली प्रथिने पाणी शोषूनच ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारे चिवट धागे, तयार करतात, स्टार्चला फुगायला पाणी लागते, आणि साखर तेलात विरघळत नाही, तिला विरघळायला पाणीच हवे असते. पाणी कमी आणि तेल जास्त झाले म्हणजे पिठाला ते तेल धरून ठेवता येत नाही. आपल्या कागदावर उमटलेले डाग हे त्या सुटलेल्या तेलाचेच होते.

म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि सुमारे १५ मिलिलिटर दूध किंवा पाणी घ्यावे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ८० ग्रॅम तेल म्हणजे जवळपास ८७ मिलिलिटर होते. कपाने मोजणाऱ्यांच्या हातून इथेच चूक होते, तेव्हा निदान तेलापुरता तरी वजनकाटा वापरावा, असा माझा आग्रह आहे. पाककृतीतले बटर खारे असेल तर तेल वापरताना चिमूटभर मीठही आठवणीने घालावे.

आता फेटण्याविषयी. थोडेसे मऊ झालेले, म्हणजे साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानाचे बटर साखरेबरोबर फेटले, की साखरेचे टोकदार कण त्या घट्ट स्निग्धांशात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकवत जातात. बेकिंग पावडर किंवा सोडा नवे बुडबुडे तयार करत नाही. आधीच अडकलेले हे बुडबुडे तो फुगवतो. तेल प्रवाही असल्यामुळे त्यात हवा टिकत नाही. आपण पंधरा मिनिटे फेटा किंवा पन्नास मिनिटे, बुडबुडे वर येऊन फुटतच राहणार. तेव्हा तेल आणि साखर फेटण्याची ती पायरी सोडून द्यावी आणि हलकेपणासाठी दुसरा मार्ग धरावा, तो म्हणजे अंडे. अंडे आणि साखर आधी फेसाळ होईपर्यंत फेटावे आणि मग त्यात बारीक धारेने तेल सोडत फेटत राहावे. अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनमुळे तेलाचे कण पाण्यात पसरून एकजीव, दाटसर मिश्रण तयार होते, आणि असे बांधले गेलेले तेल सहजासहजी सुटत नाही. अंडे चालत नसेल तर दूध आणि तेल एका बरणीत घालून, झाकण लावून, दाट दिसेपर्यंत जोरात हलवावे. ते मिश्रण अंड्याइतके टिकाऊ नसते, म्हणून ते लगेच पिठात घालावे, आणि साखर पिठीसाखर घ्यावी.

कुकीज पसरण्यामागेही याच गोष्टी आहेत. बटर साधारण ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, त्यामुळे गार गोळा ओव्हनमध्ये गेल्यावर पहिली काही मिनिटे तो आपला आकार धरून ठेवतो. तेल आधीच पातळ असल्याने ही उसंत मिळत नाही. उलट, तेल बेताचे आणि मैदा थोडा जास्त असेल तर तेलाची कुकी मुळीच पसरत नाही, गोळ्यासारखीच भाजली जाते. अशा वेळी ट्रेवर ठेवतानाच ती हाताने किंवा काट्याने चपटी करावी लागते. दोन्ही टोकांचा अनुभव मी घेतलेला आहे, आणि पहिला घाणा घालण्याआधी एकच कुकी भाजून पाहण्याची सवय तेव्हापासून मी सोडलेली नाही.

सुरुवातीला हे प्रमाण घेऊन पाहावे : २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम तेल, एक अंडे किंवा तीन मोठे चमचे दूध, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. पीठ मळायचे नाही, फक्त एकत्र करायचे, आणि झाकून अर्धा तास तरी बाजूला ठेवायचे. तेलाचे पीठ फ्रिजमध्ये बटरच्या पिठासारखे घट्ट होत नाही, तरीही हा अर्धा तास वाया जात नाही, कारण तेवढ्या वेळात मैदा ओलावा शोषून घेतो आणि सैल वाटणारा गोळा हाताळण्याजोगा होतो. १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटे पुरतात. तेलात दुधातले घन पदार्थ नसल्यामुळे या कुकीज बटरच्या कुकीजइतक्या तांबूस होत नाहीत. रंग येण्याची वाट पाहत त्या ओव्हनमध्ये ठेवल्या तर कोरड्या पडतात. रंग आणि भाजल्याचा स्वाद हवाच असेल तर मैद्यात एक मोठा चमचा दूध पावडर मिसळावी.

प्रश्न : मला कुकी खुसखुशीत हवी असते, पण तेलाची कुकी कधी चिवट होते तर कधी दगडासारखी. हे तेलावर अवलंबून आहे का?

तेलापेक्षा ते कधी आणि कशात मिसळले, यावर अधिक अवलंबून आहे. स्निग्धांशाचे मुख्य काम मैद्याच्या कणांवर आवरण घालून पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचू न देणे हे असते. ग्लुटेनचे लांब धागे मग तयार होत नाहीत, आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन घालताना आपण हेच करतो. तेल पातळ असल्यामुळे हे आवरण ते बटरपेक्षाही चांगले घालू शकते, मात्र ते पाण्याच्या आधी मैद्याला लागले पाहिजे. तेव्हा खुसखुशीत कुकीसाठी तेल आधी मैद्याला चोळून घ्यावे, हाताने मूठ वळली तर वळावी आणि बोट लावताच मोडावी इतपत ते लागले म्हणजे पुरे, आणि त्यानंतरच साखर व थोडेसे दूध घालावे. उलट, मऊ आणि किंचित चिवट कुकी आवडत असेल तर मागच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे तेल अंड्यात बांधून मग मैदा घालावा. दगडासारखी कुकी बहुधा दूध जास्त झाल्याने आणि नंतर गोळा मळत बसल्याने होते.

प्रश्न : दुकानात तेलांची रांग लागलेली असते. त्यांतले कोणते तेल कुकीजसाठी सर्वांत योग्य?

सर्व कुकीजना योग्य असे एकच तेल नाही, पण निवड कशी करावी हे सांगता येते. मी तीन गोष्टी पाहतो, आणि त्याही याच क्रमाने : तेल ताजे आहे का, त्याला स्वतःचा वास किती आहे, आणि कुकी किती दिवस ठेवायची आहे.

ताजेपणा पहिला, कारण कुकीत मसाले नसतात, आंबट-तिखट नसते, आणि तेलाचा किंचितसा खवटपणाही झाकला जात नाही. भाजीत न जाणवलेला वास कुकीत पहिल्या घासाला समजतो. तेल वापरण्याआधी त्याचा थेंब तळहातावर चोळून वास घ्यावा. जुन्या रंगासारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा शिळ्या दाण्यांसारखा वास आला तर ते तेल कुकीत घालू नये. एकदा महिनाभर उघड्या राहिलेल्या बाटलीतले तेल मी केवळ हळहळीपोटी वापरले आणि तेलाबरोबर मैदा, साखर, चॉकलेट असे सगळेच वाया घालवले.

वासाचा विचार करताना तेलांचे दोन गट करावेत. रिफाइंड सूर्यफूल, करडई, सोयाबीन, कनोला, मका, राइस ब्रान ही तेले जवळपास निर्गंध असतात. व्हॅनिला, तपकिरी साखर, सुकामेवा अशा सौम्य स्वादांना ती मागे ढकलत नाहीत. घाण्यावर काढलेले, रिफाइन न केलेले तेल आपल्या बियांचा स्वाद बरोबर घेऊन येते. तो स्वाद कुकीत हवा असेल तर ते तेल उत्तम, नको असेल तर ते कितीही शुद्ध असले तरी चुकीचे. घाण्याचे शेंगदाणा तेल शेंगदाण्याच्या किंवा ओट्सच्या कुकीत फार छान लागते. तिळाचे तेल तिळाच्या कुकीत शोभते. मात्र भाजलेल्या तिळाचे गडद तेल इतके तीव्र असते, की ते एकूण तेलाच्या आठव्या भागाहून अधिक घालू नये आणि बाकीचे निर्गंध तेल घ्यावे. मोहरीचे तेल मी गोड कुकीत कधीच सुचवणार नाही. पाहुण्यांसाठी कुकीज करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये : शेंगदाणा आणि तीळ या दोन्हींची ॲलर्जी गंभीर असू शकते, आणि घाण्याच्या तेलात त्यांची प्रथिने उरलेली असू शकतात, तेव्हा खाणाऱ्यांना आधी विचारावे.

एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाविषयी बरीच पत्रे आहेत. त्यातल्या पॉलिफेनॉल्समुळे येणारा कडवट, घशाला झोंबणारा स्वाद संत्र्या-लिंबाच्या सालीबरोबर, गडद चॉकलेटबरोबर आणि बदाम-अक्रोडांबरोबर खुलतो, पण साध्या व्हॅनिला कुकीत तो परका वाटतो. बाटलीवरच्या ‘लाइट’ या शब्दाचा अर्थ चव आणि रंग सौम्य असा आहे. उष्मांक तेवढेच असतात.

तिसरी गोष्ट टिकण्याची, आणि माझ्या मते याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तेल खवट होते ते मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि ते किती लवकर होईल हे त्यातल्या मेदाम्लांवर ठरते. बहुअसंपृक्त मेदाम्ले, म्हणजे लेबलवर ज्यांना पुफा म्हटलेले असते ती, ऑक्सिजनला सहज बळी पडतात; एकअसंपृक्त, म्हणजे मुफा, त्यांच्या मानाने पुष्कळच तग धरतात. साध्या सूर्यफूल तेलात आणि करडई तेलात मोठा वाटा लिनोलिक या बहुअसंपृक्त मेदाम्लाचा असतो, आणि त्याचे ऑक्सिडीकरण ओलिक या एकअसंपृक्त मेदाम्लाच्या निदान दहापट वेगाने होते. कुकी लहान आणि पातळ असते, तिच्यात तेल सर्वत्र पसरलेले असते आणि डबा उघडला जाताना तिला दरवेळी नवी हवा मिळते. दोन दिवसांत संपणाऱ्या कुकीजना यामुळे काही फरक पडत नाही. तीन आठवडे डब्यात राहणाऱ्या किंवा दूरवर पाठवायच्या कुकीजना पडतो. त्यांच्यासाठी मुफा जास्त असलेले तेल घ्यावे, म्हणजे ऑलिव्ह, कनोला, शेंगदाणा, किंवा ज्यांच्या लेबलवर ‘हाय ओलिक’ लिहिलेले असते अशी सूर्यफूल-करडईची तेले. त्याच सूर्यफुलाच्या दोन बाटल्यांमध्ये मेदाम्लांचे प्रमाण अगदी उलटसुलट असू शकते, म्हणून पुढच्या बाजूचे चित्र न पाहता मागच्या बाजूचा मुफा आणि पुफाचा आकडा वाचावा. जवसाचे तेल तर भाजण्याच्या पदार्थात वापरूच नये. त्यातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक हे आणखी नाजूक मेदाम्ल असते.

सगळ्या पाककृतींसाठी घरात एकच तेल ठेवायचे असेल, तर मी हाय ओलिक सूर्यफूल किंवा कनोला निवडेन. ते न मिळाल्यास लहान बाटलीतले कोणतेही ताजे, निर्गंध रिफाइंड तेल चालेल.

प्रश्न : खोबरेल तेल घट्ट असते, मग ते बटरसारखे फेटता येईल का?

काही अंशी येते, पण बटरचा संयम त्याच्यात नाही. खोबरेल तेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात आणि ते साधारण २४ अंशांना वितळते. बटर मऊ होत होत वितळते. खोबरेल तेल मात्र एक-दोन अंशांच्या फरकात दगडातून पाणी होते, त्यामुळे लोण्यासारखी मऊ अवस्था त्यात फार थोडा वेळ टिकते. खोली थंड असेल आणि तेल बोटाने दाबले जाण्याइतकेच मऊ असेल तर साखरेबरोबर फेटल्यावर थोडी हवा धरते. उकाड्यात ते पातळ तेलासारखेच वापरावे लागते. वितळलेल्या खोबरेल तेलात फ्रिजमधले दूध किंवा अंडे घातले तर तेलाच्या कण्या होतात, आणि भाजताना त्या जागी खळगे पडतात, तेव्हा सगळे साहित्य खोलीच्या तापमानाचे असावे.

त्याचा खरा फायदा पीठ थंड केल्यावर दिसतो. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवलेले हे पीठ कडक होते, नीट कापले जाते आणि ओव्हनमध्ये आकारही बऱ्यापैकी धरते. संपृक्त असल्यामुळे खवट होण्याची भीतीही कमी. खोबऱ्याचा वास नको असेल तर रिफाइंड घ्यावे. यातही पाणी नसते, तेव्हा ८० ग्रॅमचा हिशेब इथेही लागू आहे.

प्रश्न : ओव्हनचे तापमान १८० अंश असते. त्याहून कमी स्मोक पॉइंट असलेले, म्हणजे त्याआधीच धूर सोडू लागणारे तेल कुकीत जळते का?

जळत नाही. ओव्हनमधली हवा १८० अंशांची असली, तरी कुकीत पाणी असेपर्यंत तिचा आतला भाग १०० अंशांच्या आसपासच राहतो. फक्त कडा आणि तळ त्याहून तापतात. स्मोक पॉइंट तव्यावर आणि कढईत महत्त्वाचा आहे, कुकीसाठी तेल निवडताना तो बाजूला ठेवावा. ट्रेला लावलेले जास्तीचे तेल मात्र उघड्या धातूवर तापून धुरकटते आणि चिकट पिवळा थर धरते, म्हणून ट्रेवर कागद घालावा.

प्रश्न : बटरपेक्षा तेलाची कुकी आरोग्याला चांगली असे समजावे का? आणि बेकरीत वापरले जाणारे शॉर्टनिंग म्हणजे नेमके काय?

बटरच्या जागी असंपृक्त तेल घातल्याने संपृक्त मेद नक्कीच कमी होतो, आणि हा फायदा खरा आहे. खोबरेल तेलाला मात्र तो लागू नाही. पण उष्मांक कमी होतात हा समज चुकीचा आहे. १०० ग्रॅम बटरमध्ये सुमारे ७१५ ते ७२० किलोकॅलरी असतात, १०० ग्रॅम तेलात ८८० ते ९००, आणि ८० ग्रॅम तेल वापरले तर हिशेब जवळपास तेवढ्यालाच येतो. साखर आणि मैदा तर दोन्हींत सारखेच. तेव्हा मधुमेह किंवा हृदयविकारासाठी आहार ठरवून दिलेला असेल तर या कुकीजविषयीही आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

शॉर्टनिंग म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारा, पाणी नसलेला स्निग्ध पदार्थ. ग्लुटेनचे लांब धागे तो होऊ देत नाही आणि पदार्थ ‘शॉर्ट’, म्हणजे खुसखुशीत होतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. बटरच्या घट्टपणाचे फायदे स्वस्त तेलातून मिळवण्याच्या धडपडीतून तो जन्मला. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९०२ मध्ये घेतले, आणि १९११ मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनवलेले क्रिस्को बाजारात आले. ते फेटल्यावर हवा धरत असे, लवकर खवट होत नसे, आणि बिस्किटे-कुकीज बनवणाऱ्यांना आणखी काय हवे होते? परंतु अर्धवट हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयाला घातक आहेत हे पुढे स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये औद्योगिक ट्रान्स मेद अन्नातून पूर्णपणे हटवण्याचे आवाहन केले. आजची बरीच शॉर्टनिंग पाम तेलासारख्या नैसर्गिकरीत्या निम्मे संपृक्त असलेल्या तेलापासून, हायड्रोजनीकरणाशिवाय केलेली असतात. विकत घेताना घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ असे शब्द दिसले तर तो डबा तिथेच ठेवावा. दिसले नाहीत तर त्याकडे बटरइतक्याच संपृक्त मेदाचा पदार्थ म्हणून पाहावे आणि प्रमाणात वापरावे.

प्रश्न : तळणीतून उरलेले तेल गाळून कुकीजसाठी वापरले तर चालेल का?

नाही. गाळल्याने कण निघून जातात, पण तापल्यामुळे झालेले बदल आणि तळलेल्या पदार्थाचा वास तेलातच राहतो. असे तेल आधीच खवटपणाच्या वाटेवर असते, त्यामुळे त्याच्या कुकीज डब्यात दोन-तीन दिवसही नीट राहत नाहीत.